आबांनी घरात यंत्र फिरवलं

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांच्याबद्दल गावात जे बोललं गेलं, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

आमचं गाव उचगावपासून चालत अर्ध्या तासावर. रान ओढ्याकाठी. सत्तरच्या आसपासची गोष्ट असेल, मी तेव्हा शाळेत होते. ऊस तुटून गेल्यावर आबा रान नांगरत होते आणि फाळाला लागून एक गाडगं फुटलं. आत तांब्याची जुनी नाणी, हिरवी पडलेली, एकमेकांना चिकटलेली. आमच्याकडं अशी शिवराई नांगराला अधूनमधून लागतेच. लोक ती बांधावरच्या म्हसोबापुढं ठेवतात, नाहीतर पोराच्या गळ्यात बांधतात, आणि पुढं कामाला लागतात. आबांनीही तेच केलं असतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण हा माणूस पडला सरळ. जमिनीत सापडलेलं सरकारचं, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. टॉवेलात सगळी नाणी बांधली, सायकलला अडकवली आणि थेट कचेरी गाठली. तिथं पंचनामा झाला, सह्या झाल्या, नाणी तिथंच राहिली. आबा एक कागद घेऊन घरी आले आणि हातपाय धुऊन जेवायला बसले.

पण मिळालेलं सगळं कुणी आपल्या पायांनी नेऊन देतो, हे गावाच्या पचनी पडेना. पारावर कुणीतरी बोललं, "तांबं दिलं आन् सोनं ठेवलं की." झालं. एकानं म्हटलं आणि साऱ्या गावानं ते खरं मानलं. त्याच उन्हाळ्यात मामांनी आईला एक म्हैस दिली, तर लोक गोठ्यात डोकावून विचारायचे, "म्हस कुठनं आली म्हणायची?" आबांनी तो कचेरीतला कागद किती जणांना दाखवला असेल, त्याला गणती नाही. बघणारा बघायचा, मान डोलवायचा आणि पाठ वळली की हसायचा. घड्या पडून पडून कागदाचे चार तुकडे झाले, तरी आबा ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या खिशात ठेवायचे.

माझं लग्न झालं तर लोकांच्या तोंडातला तो सोन्याचा हंडा माझ्यामागं सासरीही आला. सासूबाई चारचौघींत म्हणायच्या, "बापानं हंडा गिळलाय आन् लेकीच्या गळ्यात फुटका मणी न्हाय." मी भाकरी थापत गप्प बसायचे. तेव्हा का गप्प बसले, याचा आता संताप येतो.

दहा-बारा वर्षं अशीच गेली. मग एका हिवाळ्यात गावात एक निवृत्त फौजी येऊ लागला. कोल्हापुरात राहायचा, जुनी नाणी जमवायचा नाद होता. त्याच्याजवळ एक यंत्र होतं. लांब दांडा, खाली तव्याएवढी चकती, कानाला लावायचे गोळे. ऊस निघालेल्या रानातून चकती जमिनीलगत फिरवत तो चालायचा आणि खाली धातू असला की यंत्र कुईं करायचं. खिळे, नाल, तुटका विळा, कधी एखादी शिवराई. माणूस सभ्य होता, मालकाला विचारल्याशिवाय रानात पाऊल टाकायचा नाही. आबा दोन दिवस बांधावर बसून ते यंत्र बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला विचारलं, "पावणं, हे घरात चालतंय का?"

मी तेव्हा माहेरी आले होते. आबांनी सगळं ठरवूनच टाकलं होतं. रविवारी सकाळी, लख्ख उजेडात, गावाला बोलवायचं आणि सगळ्यांसमोर घराची जमीन तपासायची. मला तर आनंद झाला. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं, बसू दे एकेकाची दातखीळ. आई मात्र चुलीपाशी बसून म्हणाली, "करा काय करायचं ते. न्हाणीत तेवढं नगं." आबांनी विचारलं, का? तर ती काही सांगेना. नुसतं "नगं" म्हणत राहिली.

रविवारी अंगण भरलं. बोलवलेले आले, न बोलवलेले त्यांच्याही आधी आले. फौजीनं सोप्यापासून सुरुवात केली. यंत्र वाजलं की आबा स्वतः कुदळ घ्यायचे. चौकटीजवळ खिळा निघाला. चुलीमागं उलथन्याचा तुकडा निघाला. माजघरात काहीच नाही. लोकांचे चेहरे उतरू लागले आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या. मग फौजी न्हाणीकडं वळला, आणि आई दारात आडवी उभी राहिली.

"हितं नगं म्हटलंय न्हवं."

अंगणात कुजबुज सुरू झाली. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "बघा, आता कळलं का?" आबा आता थांबले असते तर जन्मभर चोर ठरले असते. त्यांनी आईला दंडाला धरून बाजूला केलं. आबांनी आईला असं धरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, त्या वेळी मला आईचाच राग आला. मला वाटलं, ही आमची अब्रू घालवणार.

न्हाणीच्या कोपऱ्यात यंत्र वाजलं. आबांनी दगडी फरशी उचकटली, वीतभर उकरलं आणि कुदळीला मडकं लागलं. "हंडा, हंडा," म्हणत माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून आत घुसली. कुणीतरी मडकं उचलून अंगणात आणलं आणि उपडं केलं. काळी माती पडली. तिच्यात एक वाळून खडा झालेली सुपारी, एक गंजकी सुई आणि एक भोकाचा पैसा.

बायकांना लगेच कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावले आणि मागं सरल्या. पूर्वी बाळंतपण घरातच व्हायचं. मग बाळाची वार मडक्यात घालायची, वर हळद-कुंकू, सुपारी, सुई, एक पैसा, आणि सुईण ते न्हाणीत पुरायची. जागा बायकांनाच ठाऊक. पुरुषांना ती कुणी सांगत नाही आणि चारचौघांत तर त्याचा उच्चारही होत नाही. माझा जन्म आजोळचा. माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता, याच घरात. तो बारशाच्या आत गेला. त्याचं म्हणून या घरात एवढंच उरलं होतं, आणि ते आता अंगणात, दीडशे पायांत पडलं होतं.

आई रडली नाही. खाली बसून तिनं माती हातांनी गोळा केली, सुई-सुपारी वेचली, पैसा पदरानं पुसला. मग आबांना म्हणाली, "झालं तुमचं नाव धुऊन? माझं पोर उघड्यावर पडलं."

फौजी यंत्र उचलून मान खाली घालून निघून गेला. बाकीच्यांना लाज वाटली का? एकानंही आईला धीराचा शब्द दिला नाही. अंगण आपोआप रिकामं झालं, एवढंच. दुपारी आईनं आणि मी मडकं परत पुरलं. आबा सोप्यावर भिंतीकडं तोंड करून बसले होते. ते जेवले नाहीत, आणि आईनंही त्यांना वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांबरोबर डेअरीत दूध घालायला गेले. मनात होतं, आज तरी कुणीतरी म्हणेल, चुकलं आमचं. रांगेत आमच्या पुढं आदल्या दिवशीचा तोच म्हातारा होता. आम्ही मागं उभे आहोत हे त्याला दिसलं नव्हतं. तो शेजारच्याला म्हणत होता, "घरात न्हाय न्हवं, म्हंजे रानात पुरलंय. मशीन रानात लावाया पायजे."

त्याच्या अंगावर धावून जायला मी पाऊल उचललं, तर आबांनी माझं मनगट धरलं. ते त्या म्हाताऱ्याकडं बघतही नव्हते.

"हे आईला सांगू नगंस," ते म्हणाले.