गोपाळसरांची तोंडी परीक्षा

अकोल्याच्या जुन्या शहरात माझ्या भिंतीला भिंत लावून गोपाळकृष्ण सर राहतात. इंग्रजीचे मास्तर म्हणून ते निवृत्त झाले, असं शाळेनं निरोप समारंभात जाहीर केलं होतं. सरांनी ते फारसं मनावर घेतलं नाही.

त्यांची शिकवायची पद्धत जन्मभर एकच. एस, टी, ओ आणि पी ही चार अक्षरं मुलापुढे टाकायची आणि म्हणायचं, कर शब्द. मुलगा स्टॉप करायचा, पॉट करायचा, टॉप करायचा. शब्द झाला की अर्थ सांगायचा, अर्थ सांगितला की वाक्यात उपयोग, आणि वाक्य होईपर्यंत उभं राहायचं. अर्ध्या अकोल्याचे पाय या चार अक्षरांनी दुखवून ठेवले आहेत. शब्द करणं म्हणजे काही नाही, ते माकडालाही जमेल, अर्थ पाहा, असं सर म्हणतात. माकडावर प्रयोग केल्याचं मला माहीत नाही.

अक्षरं लिहायला जाड कागद लागतो. सर तो घरी आलेल्या लग्नपत्रिकांतून कापतात. पुढून इंग्रजी अक्षर, मागून कुणाच्या तरी शुभविवाहाचा तुकडा. लोकांच्या लग्नांचे असे तुकडे करून डबीत भरणाऱ्या माणसाच्या मुलीचं लग्न सुखासुखी जमेल, अशी आशा त्यांची बायको, आमच्या सिंधूवहिनी, तेवढ्या बाळगून होत्या.

निवृत्तीनंतर सरांनी घरी शिकवणी काढली. पोरं आली नाहीत. हल्लीच्या क्लासमध्ये चार पर्याय देतात आणि एकावर खूण करायला लावतात. अर्थ बिचारा तिथं फीसुद्धा न भरता बाहेर उभा असतो. सर दोन वर्षं डबी हातात घेऊन ओट्यावर बसले. मग त्यांची एकुलती एक मुलगी जुईली लग्नाची झाली आणि घरी पाहुणे येऊ लागले. विद्यार्थी नाहीत तर नाहीत, सरांनी पाहुण्यांवर भागवलं.

आपल्याकडे मुलगी पाहायला आलेला मुलगा प्रश्न विचारतो आणि मुलगी मान खाली घालून उत्तरं देते. सरांनी हे उलटं केलं. समाजसुधारणा वगैरे काही नाही, सवय. सरांना मोठा भाऊ नाही, म्हणून वडीलधारा म्हणून दर वेळी मला बोलावणं असायचं. मी वकिली केलेला माणूस. उलटतपासण्या पुष्कळ पाहिल्या, पण साक्षीदाराला पोहे खाऊ घालून त्याचा असा निकाल लावलेला कुठं पाहिला नाही.

अमरावतीचा सोहम आला होता. पुण्यात मोठ्या पगारावर, शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून खुर्चीच्या काठावर बसलेला. त्यानं चुटकीसरशी सात-आठ शब्द केले. मोबाइलवर असाच खेळ खेळतो म्हणाला. त्यात त्यानं ‘सॉट’ केला. सरांनी अर्थ विचारला.

“अर्थ नाही माहीत, अंकल. पण गेममध्ये चालतो.”

सॉट म्हणजे दारुडा. सरांनी त्याला अर्थ सांगितला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “वामनराव, अर्थ माहीत नसलेल्या वस्तू जो असा भराभर घेत सुटतो, तो संसारात काय पाहील?” सोहमची आई उठली. तिच्या मते तिच्या मुलाला दारुडा म्हटलं गेलं होतं, आणि पुढं महिनाभर तिनं अमरावतीत तसंच सांगितलं. दुसरा पुष्कर, वकीलच, म्हणून मला जरा आशा होती. त्यानं अर्थ बरोबर सांगितले आणि वाक्य करायला नकार दिला. “मी इथं लग्नासाठी आलो आहे,” म्हणाला. “अर्थ ठीक, उपयोग शून्य,” असा शेरा मारून सरांनी त्यालाही घरी पाठवला.

जुईली हे सगळं आतून ऐकायची आणि पाहुणे गेले की पोट धरून हसायची. तिला यातला एकही नको होता आणि बाप फुकटात नकार देत होता. असा वकील मलाही परवडला नसता.

मग तिचं हसू बंद झालं. ती अमरावतीला विमा कंपनीत नोकरी करते, शनिवारी घरी येते. एका शनिवारी ती घरी जाण्याआधी माझ्या ओट्यावर येऊन बसली.

“काका, रविवारी प्रीतम येऊन राहिला. तेल्हाऱ्याचा. अमरावतीले माती तपासायची लॅब हाय त्याची.”

“मग?”

“मले त्याच्याशीच लग्न करायचं आहे. बाबांनी नापास केलं तर मी दुसरं कोणाशी करणार नाही. अन् बाबांना सोडूनही करणार नाही. ते मले जमणारच नाही.”

मी जन्मभर दुसऱ्यांची भांडणं मिटवायचे पैसे घेतले, पण हे मिटवायला फुकटातच उठलो. त्याच पावली मी सरांकडे गेलो आणि उद्या डबी काढू नका म्हणून सांगितलं.

“परीक्षेशिवाय प्रवेश नाही,” सर म्हणाले.

“अहो, पोरीला तो पसंत आहे.”

“मग तर नीटच घ्यावी लागेल.”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात. इथं तर सुंभ जळलाही नव्हता. मात्र घरी परतताना मला एक गोष्ट कळली, जी इतकी वर्षं शेजारी राहून कळली नव्हती. सरांना वाईट जावई मिळण्याची भीती नव्हतीच. जुईली गेली की त्या घरात ज्याची वाक्यं सरांनी दुरुस्त करावीत असं कुणी उरणार नव्हतं. सिंधूवहिनींनी तो नाद लग्नानंतर आठवड्यातच सोडवला होता.

रविवारी प्रीतम आला. बरोबर वडील महादेवराव आणि आई लीलाबाई. काळ्या मातीत उभी हयात गेलेली माणसं. बसल्या बसल्या महादेवरावांनीच विषय काढला.

“सर, तुमी इंग्रजी विचारता म्हणे. विचारून घ्या बाप्पा. आमाले मंग मोकळं बोलता येईल.”

“महिना झाला, पोट्ट्याचं कशात लक्ष नाई,” लीलाबाई म्हणाल्या. “पाहावं तवा टॉप-पॉट, टॉप-पॉट करून राहिला.”

सरांनी डबी उघडली. प्रीतमनं अक्षरं लावायला घेतली. घाई नाही. स्टॉप केला, अर्थ सांगितला, वाक्य केलं. पोस्ट केला, स्पॉट केला. मग पॉट.

“पॉट म्हणजे भांडं,” तो म्हणाला. “सिंधू पुट्स द पॉट ऑन द फायर अँड फर्गेट्स.”

सरांनी मान वर केली. सिंधू भांडं गॅसवर ठेवते आणि विसरते, हे वाक्य सरांनी शाळेत कधी सांगितलं नव्हतं. जुईली लहान असताना तिला शिकवण्यासाठी त्यांनी ते स्वयंपाकघराच्या दारात बसून तयार केलं होतं.

“हे तेल्हाऱ्यालेही समजलं का?” आतून सिंधूवहिनी म्हणाल्या.

सरांनी पुढचे शब्द विचारले. प्रीतमकडून एकामागून एक सरांच्याच घरातली वाक्यं येत गेली, सरांच्याच ठेक्यात, अर्ध्यावर थांबून चष्म्यावरून पाहायच्या जागेसकट. आपल्या मुलीनं या मुलाला समोर बसवून किती संध्याकाळी शिकवलं असेल, याचा हिशोब सर मनात करत होते, हे मला त्यांच्या कपाळावर दिसत होतं. तो हिशोब त्यांना आवडत नव्हता. त्यांनी चार तुकडे पुन्हा विस्कटले आणि त्यातले तीन पुढे सरकवले.

“हा कर.”

प्रीतमनं ते उलटसुलट लावले. सॉप झाला. तो त्या शब्दाकडे पाहत राहिला.

“अर्थ?”

“नाई येत, सर. हा तिनं शिकवला नाई.”

महादेवरावांनी मान खाली घातली. सरांच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला सांगू, आनंद झाला. ते आतल्या दाराकडे वळले.

“जुईली. इतके शिकवले, मग हा काहून सोडला?”

जुईली बाहेर आली.

“तुमच्यासाठी ठेवला, बाबा. तुमाले काही शिकवायला नको का?”

सर खुलले. प्रीतमच्या जवळ सरकले, चष्मा पुसला आणि वर्गात उभे असल्यासारखे सावकाश सांगू लागले. “ऐक. सॉप म्हणजे, एखादा माणूस रुसतो, अडून बसतो. त्याच्या मनासारखं तर काही करायचं नसतं, पण त्याला अगदीच वाईट वाटू नये म्हणून त्याच्या हातावर थोडंसं काहीतरी ठेवतात. समजूत म्हणून. तर त्या...”

आणि ते थांबले. हातातला चष्मा हातातच राहिला. त्यांनी जुईलीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली नाही. दोघांचेही डोळे भरून आले होते आणि दोघांनाही ते लपवता येत नव्हते.

“वाक्यात उपयोग,” सर म्हणाले.

“केला ना, बाबा. तुमच्या हातावर ठेवून.”

महादेवरावांना यातलं काही उमगलं नव्हतं. ते माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, “वकीलसाहेब, पोट्टा पास का नापास? तेवढं सांगा, तेल्हाऱ्याले जायचं हाय.”

“पास,” मी म्हणालो.

सरांच्या परीक्षेचा निकाल दुसऱ्या कुणी जाहीर करायची ही पहिलीच वेळ. सरांनी हरकत घेतली नाही.