रेषेवरची अकरा मिनिटं

त्या हिवाळ्यात माझं पोस्टिंग मिशिगनमध्ये सेंट क्लेअर तळ्याकाठी होतं. कोस्ट गार्ड हे अमेरिकेत सैन्यदलच आहे. माझी रँक पेटी ऑफिसर सेकंड क्लास, काम एअरबोट चालवणं. मागे मोठा पंखा असलेली ही सपाट बोट पाण्यावर चालते आणि बर्फावरही.

तळ्याच्या मधून कॅनडाची सीमा जाते. ती फक्त जीपीएसवर दिसते. कुंपण नाही, चौकी नाही. तळं गोठलं की दोन्हीकडचे लोक बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतात. दोन्हीकडे तीच हॉकी, आणि निम्म्यांचे मावसभाऊ पलीकडच्या काठावर.

रोज सकाळी ०८०० ला मी रेडिओवर ग्लेनशी बोलायचो. तो पलीकडच्या स्वयंसेवी बचाव पथकाचा प्रमुख. वय बावन्न, एरवी टो ट्रक चालवायचा. बर्फाची जाडी एकमेकांना सांगायची, एवढंच काम.

"तुमच्याकडे किती?"

"नऊ इंच."

"आमच्याकडे दहा. कॅनडात सगळंच जरा बरं असतं, पोरा."

दोन हिवाळ्यांत त्याने मला तीनदा मदतीला बोलावलं, मी त्याला दोनदा. रेषा कुठे आहे हे कुणी विचारलं नाही.

मग दोन सरकारांचं बिनसलं. आयातकर, धमक्या, टीव्हीवर रोज नवा अपमान. आम्हाला वरून सूचना आली: पलीकडच्यांशी नेहमीचं बोलणं आता कार्यालयामार्फत. शेवटचं वाक्य होतं: जीव वाचवण्याच्या कामाला हे लागू नाही. तो कागद मीच बोर्डावर लावला. सकाळचं बोलणं बंद झालं. त्याच आठवड्यात जेवताना ग्लेनचा विषय निघाला, तेव्हा एकजण हसत म्हणाला, "तू नक्की कुणाच्या बाजूचा रे?" सगळे हसले. मीही हसलो.

मी नऊ वर्षांचा असताना आम्ही पुण्याहून मिशिगनमधल्या ट्रॉय गावी आलो. बाबा तेव्हापासून सांगत आले, "आपण इथे पाहुणे. कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही." कॉलेजात मी याच विचाराविरुद्ध पत्रकं वाटली होती. सीमा माणसांसाठी असतात, माणसं सीमांसाठी नसतात, हे वाक्य माझंच होतं.

तो दिवस. वारा वाढला होता. दुपारी १४१० ला रेडिओवर ग्लेनचा आवाज आला.

"बर्फाचा तुकडा सुटलाय. त्यावर दोन मच्छीमार आहेत. मी पायी त्यांच्याजवळ पोहोचलोय. माझी माणसं लांब आहेत, तू जवळ आहेस. ये."

मी आणि माझ्या हाताखालचा खलाशी टायलर निघालो. १४१८ ला जीपीएसवर रेषा आली. मी बोट थांबवली. समोर सहाशे मीटरवर तीन माणसं दिसत होती.

"बॉस, थांबलो का?" टायलर म्हणाला.

"परवानगी."

"कसली?"

बचावाच्या चॅनेलवर विचारलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. मी कार्यालयाला लेखी मेसेज पाठवला. लेखी, म्हणजे नोंद राहते. रेडिओवर ग्लेन आला.

"दिसताय मला. इंजिन गेलं का?"

"स्टँड बाय," मी म्हणालो.

"ठीक. घाई नाही. पण घाई करा."

१४२९ ला ड्यूटी ऑफिसर रेडिओवर आला. "मेसेज आत्ता पाहिला. बचावाला परवानगी कसली? जा."

दीड मिनिटात पोहोचलो. दोन्ही मच्छीमार बर्फावर होते, जिवंत. त्यातला एक पाण्यात पडला होता. ग्लेनने पाण्यात उतरून त्याला वर ढकललं, आणि तेवढ्यात वाऱ्याने दोन तुकडे एकत्र आले. ग्लेन मधे सापडला. आम्ही त्याला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता. मच्छीमार म्हणाले, हे तीन-चार मिनिटांपूर्वीच झालं.

चौकशीत मी सांगितलं की मी सूचनेचं पालन केलं. माझा मेसेज वेळेसकट नोंदलेला होता. चौकशी संपली. बाबा म्हणाले, "कागद आपल्या बाजूने आहे ना? मग झालं." महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात एका काकांनी पाठीवर हात ठेवला. "इट्स ओके यार. तू रूल फॉलो केलास." मला त्यांचा हात झटकावासा वाटला. झटकला नाही. मी तिथेही नीटच वागलो.

सूचनेला, सरकारांना, टीव्हीला दोष देणं सोपं आहे. मी दिलाही असता. पण रेषेवर मला कुणीही अडवलं नव्हतं. बर्फाची भीती मला कधीच वाटली नाही. भीती होती ती जेवणाच्या टेबलावरच्या एका हसण्याची.

नोकरी सोडल्यावर मी ग्लेनच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, मॉरीनने, दार उघडलं. मी उभ्यानेच सांगितलं: इंजिन ठीक होतं. मी थांबलो होतो.

ती म्हणाली, "त्या दोन मच्छीमारांनी मला सांगितलं, ग्लेन सारखा त्यांना धीर देत होता. म्हणत होता, त्यांची बोट बिघडली असणार. नाहीतर ती पोरं थांबणाऱ्यातली नाहीत."