पारूबाईचं शेवटचं कडवं

कवठे महांकाळजवळच्या त्या वस्तीत बारसं असलं, की पारूबाईचा पाळणा व्हायचाच. तरणेपणी रोजगार हमीवर खडी फोडताना हातोडीच्या ठेक्यावर तिनं तो रचला होता. लेकीला शाळेत धाडा, असं सांगणारा. लिहिता येत नव्हतं, म्हणून वस्तीच्या रीतीप्रमाणं शेवटच्या कडव्यात नाव बांधलं :

केरूची पारू म्हणे, खडी फोडता सुचलं
गाणं तुमाला दिलं बाई, नाव मागं म्यां ठेवलं

वस्तीचा कायदा एवढाच. गाणं कुणीही गावं, मधली कडवी हवी तशी फिरवावीत. नावाचं कडवं मात्र गाळू नये.

चार वर्षांपूर्वी सांगलीहून नाथाजी आला. त्याची गाण्यांची कंपनी. रेकॉर्डिंगच्या वेळी म्हणाला, "मावशी, शेवटचं कडवं ऱ्हाऊ दे. लय लांबतंय." पारूबाईनं हसून ते गाळलं. गाणं कुणाचं, हे कुणाला ठाऊक नाही? सारं जग वस्तीएवढंच आहे, असं ती धरून चालली होती.

परवा नात आम्रपालीनं आज्जीचा पाळणा मोबाइलवरून इंटरनेटवर चढवला. दुसऱ्या दिवशी तो गायब. कॉपीराइटच्या मालकाची तक्रार. मालक, नाथाजीची कंपनी. कवी, पारंपरिक.

"पारंपरिक म्हंजी कोण गं?"

"म्हंजी कुणीच न्हाई, आज्जे."

पारूबाईनं आपले हात उलटसुलट करून पाहिले. खडीचे जुने वण अजून होते. कुणीच नसलेल्या बाईचे वण.

आम्रपालीनं फोनवर नाथाजीला फैलावर घेतलं, तसा तो कागद घेऊन हजर झाला.

"आवं मावशी, भांडताय कशाला? नाव टाकतो तुमचं. गाणं कंपनीला दिलं म्हणून फकस्त अंगठा द्या. मग गायाची परवानगी बी देतो."

"कुणाला?"

"तुमाला की."

"माझ्याच पाळण्यात मला निजवाय निघालास व्हय रं?"

आम्रपाली म्हणाली, "आज्जे, कायदा गाणं रचणाऱ्याच्याच बाजूचा हाय. तू लिहून दिलं न्हाईस, तवर गाणं तुझंच. म्हणून तर हे अंगठा मागत्यात."

"मग कायदा चांगला हाय म्हण की. ह्याच्या खिशात जाऊन आंबला."

नाथाजी चिडला. "शाबित कसं करणार? पुरावा हाय?"

"शेजारच्या साळूबाईच्या नातीचं बारसं हाय आत्ता. चल, पुरावा तितं बसलाय."

बुद्धवंदना झाली. आम्रपालीनं मोबाइल धरला. बाया पहिल्या कडव्याची वाट बघत होत्या. पारूबाईनं पाळण्याची दोरी ओढली आणि शेवटचंच कडवं आधी उचललं :

केरूची पारू म्हणे, खडी फोडता सुचलं
गाणं तुमाला दिलं बाई, नाव म्होरं म्यां आणलं

क्षणभर बाया चमकल्या. मग साऱ्यांनी हातोडीच्या ठेक्यात टाळ्या धरल्या आणि तेच कडवं उचललं. कुणालाही ते आठवावं लागलं नाही.

दारातल्या नाथाजीला साळूबाई म्हणाली, "टाळी वाजव की गड्या. का तिला बी परवानगी लागतीया?"

गाणं संपल्यावर आम्रपालीनं विचारलं, "चढवते, आज्जे. पर पुन्ना काढलं तर?"

"पुन्ना चढव," पारूबाई म्हणाली. "मी हाय की."