शंकाताईंचं पहिलं ‘छान’

शंकाताई हे नाव कचेरीतल्या पोरांनी ठेवलेलं. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांचा नवरा म्हणाला, "पोरं हुशार आहेत हो. मला इतक्या वर्षांत सुचलं नाही."

नवरा घड्याळजी. बाजाराच्या कोपऱ्यावर, डोळ्याला भिंग लावून, बंद पडलेली घड्याळं चालू करणारा माणूस. आणि बायकोचा धंदा नेमका उलटा, चालू असलेलं बंद पाडायचं. म्हणजे त्या सॉफ्टवेअर तपासत. दुसऱ्याने महिनोन्महिने खपून केलेलं काम सकाळी हातात घ्यायचं आणि दुपारच्या चहापर्यंत त्याचा बट्ट्याबोळ करून परत द्यायचं, याचा त्यांना चक्क पगार मिळे. वय विचारलं की त्या वजा चार लिहीत. नावाच्या जागी नुसते स्वल्पविराम. जन्मतारीख उद्याची.

"अहो ताई, असं कोण करतं?" पोरं रडकुंडीला येत.

"मी केलं ना आत्ता," शंकाताई म्हणत.

बरं, ही खोड कचेरीत ठेवून घरी येतील तर शपथ! घरात धुलाई यंत्र आलं, तर पहिल्या दिवशी त्यात एकच मोजा टाकून पाहिला. मग काहीच न टाकता. मग भर रंगात आलेलं असताना मध्येच वीज बंद करून. "एकदा चाललं म्हणजे नशीब," त्या म्हणत. "दोनदा चाललं म्हणजे योगायोग. तिसऱ्यांदा चाललं, की मग आपण बोलू." कुलूप तीनदा ओढायचं, गॅस तीनदा बघायचा. लग्न ठरत होतं तेव्हा आईने विचारलं, "मुलगा कसा वाटला गं?" तर ही म्हणाली, "वरवर तरी मोठा दोष दिसत नाही." घड्याळजींच्या कानावर ते आलं, आणि बिचारे इतके भाबडे, की खूश झाले.

घड्याळजींचं तंत्रज्ञानाबद्दल स्वतःचं एक मत होतं, आणि ते ऐकायला कुणी बसलेलं असण्याची त्यांना गरज नसे. "घड्याळ बिघडलं की बंद पडतं," ते म्हणत. "निदान खरं तरी बोलतं! तुमची ही यंत्रं मरायला टेकली तरी ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणत गोल गोल फिरत बसतात. आमच्या जिन्यातला दिवा आपोआप लागावा म्हणून कसलं तरी यंत्र बसवलंय. तो भर उन्हात लागतो आणि अंधार पडला की विझतो. आणि हे लोक निघाले आभाळात यंत्रं सोडायला! माझ्या दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ आजोबांच्या वेळचं आहे. त्याला कधी अपडेट लागलं?"

"म्हणून तर ते रोज मागे पडतं," शंकाताई आतून म्हणत.

तर असा हा संसार. त्यात घड्याळजींचं एकच दुखणं होतं. दुकान लवकर बंद होई, म्हणून संध्याकाळचा चहा ते करत. मनापासून करत. कप बायकोच्या हातात दिला की शेजारी उभं राहून विचारत, "कसा झालाय?"

"चालेल."

कधी "ठीक आहे." सणकून भूक लागलेली असली तर "बरा आहे." पण ‘छान’ म्हणून नाही. आलं घालून पाहिलं, दूध बदलून पाहिलं, एकदा तर कपच नवे आणले. छे! शेवटी एकदा चिडून त्यांनी विचारलं, "अगं, छान म्हणायला तुला काय दात पाडावे लागतात?"

"अहो, छान म्हणजे आता बघायचं काही राहिलं नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "असं कधी असतं का?" मुलगी पहिल्यांदा चालली तेव्हासुद्धा या बाई ‘वळताना तोल जातोय’ म्हणाल्या होत्या. त्यामुळे घड्याळजींनी विषय सोडला. पण मनातून काही ते जाईना.

आता ही शंकाताईंची शेवटची नोकरी, एका छोट्याशा कंपनीत. खाली दातांचा दवाखाना, वर ही कंपनी. खालून गिरमिटाचा आवाज येई आणि वर ही मंडळी उपग्रह बनवत. उपग्रह म्हणजे किती, तर बुटांच्या खोक्याएवढा. वर जाऊन ढगांचे फोटो काढणार. कंपनीचे साहेब शंकाताईंच्या मुलीच्या वयाचे. त्यांना प्रत्येक गोष्ट जवळजवळ झालेलीच दिसे.

उपग्रह दोन बनवले होते, हुबेहूब सारखे. वर जाणारा तो थोरला. दुसरा, टेबलाखाली पत्र्याच्या डब्यात बसवलेला, तो धाकटा. जे काही करून बघायचं ते आधी धाकट्यावर. बिचाऱ्याने शंकाताईंच्या हातून काय काय सोसलं, ते त्यालाच माहीत. भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला एकच वायर होती. ती गच्चीवरच्या अँटेनाला जोडली की थोरल्याचे आकडे दिसणार, टेबलाखाली जोडली की धाकट्याचे. चष्मेवाला इंजिनियर म्हणाला होता, दोघांना दोन वायरी करू. पण शंकाताईंनी ते हाणून पाडलं. "दोन वायरी म्हणजे चुकायला दोन जागा," त्या म्हणाल्या.

आणि बरं का, साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "शंकाताई हो म्हणतील तरच पाठवायचा." शंकाताईंनी शेवटचे कित्येक दिवस धड जेवण केलं नाही. मग एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "माझी हरकत नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या. शंकाताई मात्र घरी येऊन चपला न काढताच बसल्या. "तो वर जाऊन गप्प बसला, तर माझ्या शब्दावर गेला होता असं होईल," त्या म्हणाल्या. एवढं मोकळं त्या कधी बोलत नसत. घड्याळजींनी नुसता चहा पुढे केला, कसा झालाय ते त्या दिवशी विचारलं नाही.

तो दिवस उजाडला. सकाळी कुणाच्या तरी मोठ्या रॉकेटवर, भाड्याच्या जागेत बसून, थोरला वर गेला. दुपारी तो पहिल्यांदा कचेरीच्या डोक्यावरून जाणार होता. घरच्या मंडळींना बोलावणं होतं, म्हणून घड्याळजी दुकान बंद ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून, थर्मासभर चहा घेऊन हजर झाले.

"थोडाच वेळ मिळेल," चष्मेवाल्याने त्यांना समजावलं. "काका, तो जेमतेम एक कप चहा संपेल एवढाच वेळ आपल्या वर असेल. मग थेट उद्या सकाळी. उन्हावर वीज करणारे त्याचे दोन्ही पंख तोवर उघडलेले नसले तर ऊन पुरणार नाही आणि बॅटरी संपेल."

"किल्ली द्यायला कुणाला वर धाडता येत नाही ना?" घड्याळजी म्हणाले. "तिथंच तुमची पंचाईत आहे."

वेळ झाली. पडदा लागला आणि आकड्यांनी भरून गेला. बॅटरी भरलेली. पंख दोन्ही उघडलेले. सगळं कसं चोख, एक आकडा इकडचा तिकडे नाही. साहेबांनी अशी आरोळी ठोकली, की खालच्या दवाखान्यात कुणीतरी घाबरून ओरडलं. मग सगळ्यांच्या माना शंकाताईंकडे वळल्या. त्या पडद्याजवळ गेल्या. एकेक आकडा बोट लावून वाचला. पुन्हा वाचला, पुन्हा वाचला. आणि डोळे पुसून म्हणाल्या, "छान आहे."

घड्याळजींच्या हातात थर्मासचं झाकण तसंच राहिलं. आं? छान? आणि ते कुणाला, तर एका डबड्याला? इतकी वर्षं आपण उकळतोय, उकळतोय, आणि हा आज सकाळी वर गेलेला उपटसुंभ पहिल्याच दिवशी ‘छान’ घेऊन बसला! बायकोचा आनंद बघून त्यांचंही मन भरून आलं होतं, हे खरं. पण मत्सर वाटला हेही तितकंच खरं, आणि तो एका खोक्याचा वाटतोय याची लाजही वाटली. त्यांनी फणकाऱ्याने चहा ओतला, गर्दीत कुठे जागा दिसेना म्हणून वाकून बायकोच्या टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यावर कप ठेवला, आणि म्हणाले, "घे. चालेल असाच आहे."

पडद्यावरचं तापमान चढू लागलं.

"उन्हात आला!" साहेब ओरडले.

"सूर्य बरोबर समोर आहे आता," चष्मेवाल्याने फळ्यावर पृथ्वी काढून बाण मारला.

शंकाताईंनी वाकून कप उचलला, एक घोट घेतला. तापमान उतरू लागलं.

"सावलीत गेला," चष्मेवाला म्हणाला. "पृथ्वीची सावली." आणि त्याने बाणाचं तोंड बदललं.

शंकाताईंचा घोट तोंडातच राहिला. त्यांनी कप डब्यावर परत ठेवला, पडद्याकडे बघत राहिल्या. मग उचलला. मग पुन्हा ठेवला. घड्याळजी कानापर्यंत लाल झाले. नसेल आवडला तर सांगायचं, हा चारचौघांत काय तमाशा? "अगं, प्यायचा नसेल तर राहू दे," ते पुटपुटले. तोवर तिसऱ्यांदा कप उचलून झाला होता, आणि चष्मेवाला फळ्यावर सूर्यापुढे चंद्र आणायच्या बेतात होता.

"तो थोरला नाही," शंकाताई म्हणाल्या. "ह्यांच्या चहाने तापतोय तो. हा धाकटा आहे."

चष्मेवाल्याचा खडू फळ्यावरच अडकला. खालचं गिरमिटसुद्धा थांबलं.

"सकाळी मी एकदा, अगदी शेवटचं म्हणून, धाकट्यावर सगळं करून पाहिलं. वायर परत अँटेनाला लावायची राहिली. मी लावली नाही. माझी चूक." त्या बोलत होत्या तोवर गुडघ्यांवर बसून वायर उपटतही होत्या. अँटेनाची खोबण शेजारीच होती, पण घाईत ती तिच्यात बसेना. घड्याळजींनी मत्सर, लाज, फणकारा, सगळं तिथेच टाकलं आणि खाली बसले. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा हात तो, त्यांनी तिचा हात धरला आणि वायर आत सरकवली. "लागली. आता बघ," ते म्हणाले.

पडदा कोरा. थोरला निघून चालला होता आणि पडदा कोरा. साहेबांनी डोक्याला हात लावला. शंकाताई फरशीवरून उठल्याच नाहीत.

मग पडद्यावर एक ओळ आली. तिच्यामागून दुसरी. बॅटरी अर्धी. आत कडाक्याची थंडी. पंख: एक उघडा, एक बंद.

"बोंबला," चष्मेवाला म्हणाला.

पण शंकाताई ताडकन उठल्या. चेहरा असा फुलला होता, की घड्याळजी बघतच राहिले. "हा खरा!" त्या म्हणाल्या. "ह्यात खोट आहे! अरे, बघता काय, त्याला सांगा, एका पंखावर राहा, कॅमेरा बंद ठेव. जगेल तो. पंखाचं उद्या सकाळी बघू." चष्मेवाल्याची बोटं धावली. निरोप पोचल्याची ओळ आली, आणि थोरला क्षितिजाखाली गेला.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "ताई, आता तरी पुन्हा एकदा छान म्हणा," ते म्हणाले.

"एक पंख बंद आहे," शंकाताई म्हणाल्या. "चालेल."

घरी जाताना दोघं जिन्याच्या पायरीवर टेकली. थर्मासच्या तळाशी थोडा चहा उरला होता. घड्याळजींनी तो झाकणात ओतून बायकोला दिला, आणि काही विचारलं नाही. आज त्यांची हिंमतच नव्हती.

"अहो, एवढ्या वर्षांत एक ‘छान’ काढलं," शंकाताई म्हणाल्या, "आणि तेही टेबलाखालच्या डब्याला दिलं. फुकट गेलं बघा. ते तुम्हाला द्यायचं राहून गेलं."

घड्याळजींनी मान वर केली. "चहाला?"

"चहाला नाही हो. चहात साखर जास्त झालीय." त्या त्यांच्याकडे वळल्या. "तुम्हाला. तुम्ही छान आहात."

घड्याळजींनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं आणि म्हणाले, "एकदा चाललं म्हणजे नशीब, असं कोण म्हणतं गं आपल्या घरात?"

शंकाताई हसल्या. आणि आणखी दोनदा म्हणाल्या.