दापोडीच्या पुलाअलीकडचं पुणं

आमच्या दाजींनी आयुष्यभर पाहुण्यांना पुणं दाखवलं, पण दापोडीचा पूल एकदाही ओलांडला नाही. पुलाच्या अलीकडे जीप उभी करायची, हात लांब करायचा आणि म्हणायचं, "त्ये पलीकडं पुणं. बघितलं ना? आता चला, खरं दाखवतो." पाहुणे बिचारे वाडा, बाग, गणपती असं सगळं मनात धरून आलेले असायचे. गाडी मागे वळली की त्यांची तोंडं बघवत नसत.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, चाकणजवळच्या निघोज्याचे शेतकरी. जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हा त्यांनी जुनी जीप घेतली आणि शिफ्टच्या माणसांची ने-आण करू लागले. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, तेव्हा जीप मोकळी आणि दाजीही मोकळे. मी पिंपळे गुरवला राहते आणि माझ्याकडे सासरचे पाहुणे बारमाही. कुणी आलंय असं ताईच्या कानावर घातलं की येत्या गुरुवारी सकाळी खाली हॉर्न वाजलाच म्हणून समजा. "सुमे, पाव्हण्यांना घाल गाडीत!"

माझ्या सासूबाई पहिल्यांदा मिरजेहून आल्या, तेव्हा नवीकोरी साडी नेसून गाडीत बसल्या. दाजींनी त्यांना नाशिक फाट्याचा दुमजली पूल खालून दाखवला, मग वरून दाखवला. चाकणच्या बाजारात कांद्याचे ढीग दाखवले. आणि संध्याकाळी, आयटीच्या कंपन्या सुटायच्या वेळेला, मुद्दाम हिंजवडीच्या कोंडीत नेऊन उभं केलं.

"बघा आई, येवढ्या गाड्या, आन् हलत एक न्हाई. तुमच्या मिरजेत हाय का असं? तिकीटबी न्हाई."

"अहो पाव्हणं, मला शनिवारवाडा बघायचा होता."

"त्यो कुठं जातोय? जळून येवढी वर्सं झाली, तरी हाय तिथंच हाय. ही गर्दी मातर दोन तासांत मोडंल."

मोडली नाही. घरी पोचलो तेव्हा सासूबाईंचे पाय सुजले होते. "तुझ्या बहिणीला कुठं दिलंय गं?" एवढंच त्या म्हणाल्या आणि आठवडाभर माझ्याशी मोजकं बोलल्या. मी चिडून दाजींना फोन केला. ते म्हणाले, "सुमे, पुणं समद्यांनी बघितलंय. आमच्याकडं बघायला कोण येतं? जो येतो त्यो कामाला येतो." मी आणखी चिडून फोन ठेवला.

त्यांच्या सहलीचा एक थांबा मात्र कधी चुकायचा नाही. निघोज्याच्या अलीकडे एका कारखान्याची लांबच लांब भिंत आहे. गाड्यांचे दरवाजे बनवतात तिथे. त्या भिंतीपाशी पाहुण्यांना उतरवायचं, नारळ फोडायचा आणि सगळ्यांना हात जोडायला लावायचे. भिंतीवर शेंदराचे सात टिपके, बाकी काही नाही. "भिंतीच्या पाया पडायला मला मिरजेहून आणलं," हे सासूबाईंनी पुढे कित्येक लग्नांतून सांगितलं.

त्या भिंतीच्या आत दाजींची विहीर होती. विहिरीच्या काठावर सात दगड, म्हणजे साती आसरा, पाण्याच्या देवी. पिढ्यानपिढ्या चैत्रात त्यांना दहीभाताचा नैवेद्य असायचा. जमीन गेली, विहीर आत राहिली आणि कामाशिवाय कुणाला आत सोडेनात. मग दाजी बाहेरूनच टिपके लावून नैवेद्य दाखवू लागले. "देवीला भितीतून ऐकू जातं," असं आम्हाला सांगायचे. पण नैवेद्याचा दिवस त्यांना जड जायचा, हे मला ताईने सांगितलं. एकदा तरी त्या विहिरीत वाकून बघायचं, एवढंच त्या माणसाला हवं होतं. बाकी सगळं त्यांचं हसतखेळत चालायचं, पण विहिरीचं नाव निघालं की त्यांचा चेहरा बदलायचा.

एका चैत्रात दाजी नैवेद्य दाखवत असताना बीडकडचा एक कंत्राटी कामगार तिथे थांबला. "काका, ही कोणती देवी हो?"

"आसरा. मन लावून माग, देत्यात."

त्याने मागितलं. पुढच्याच महिन्यात तो पर्मनंट झाला!

झालं, शिफ्टच्या बसमधून बातमी पसरली. चाकण, महाळुंगे, भोसरी, जिथे जिथे कंत्राटी माणूस होता तिथून तो भिंतीपाशी यायला लागला. नारळांचा खच पडला. भेळेची गाडी आली, पाठोपाठ उसाचा रस आला. कुणीतरी हौसेने भिंतीवर रंगवलं, 'श्री पर्मनंट आई प्रसन्न'. हिंजवडीची पोरं तर अमेरिकेचा व्हिसा मागायला कॅब करून येऊ लागली. दाजी टोपी सरळ करून मधोमध उभे. "सुमे, आता बोल! हाय का न्हाई आमच्यात बघण्यासारखं?" असा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

पण त्या गर्दीपायी मालाचे ट्रक गेटातून आत जाईनात. एक दिवस कारखान्याचे मोठे साहेब स्वतः बाहेर आले. "ही देवी इथे कुणी आणली?" सगळ्यांनी दाजींकडे बोट दाखवलं.

"आम्ही भिंत रंगवून घेतोय," साहेब म्हणाले.

"घ्या की. देवी भितीवर कुठं हाय? तुमच्या आत हाय."

साहेब दचकले. "आत कुठे?"

"विहिरीवर. बुजवली न्हाई ना?"

विहीर होती, कँटीनच्या मागे. दाजींचा आवाज खाली आला. "साहेब, मला वर्सातनं एकदा आत सोडा. ही समदी गर्दी मी हलवतो." साहेबांना ट्रक आत हवे होते; ते हो म्हणाले. ताई सांगते, त्या क्षणी दाजींनी एकदा गर्दीकडे बघितलं. जन्मभर मागितलेली गर्दी होती ती, पार मिरजेहून ओढून आणावी न लागलेली. मग ते दगडावर चढले आणि ओरडले, "ऐका रं! आसरा आत गेल्या. त्या आता कंपनीत पर्मनंट झाल्या. त्यांची बाहेर ड्युटी न्हाई!"

हे मात्र सगळ्यांना चटकन पटलं. पर्मनंट झाल्यावर कोण बाहेर उभं राहतं? महिन्याभरात भेळवालासुद्धा दुसरीकडे गेला.

पुढच्या चैत्रात आम्ही तिघं गेटवर गेलो. ताईच्या हातात दहीभाताचा डबा. वॉचमनने विचारलं, "कुणाला भेटायचंय?"

"विहिरीला."

"साहेबाचं नाव सांगा, काका."

"तुझे साहेब कालचे. मी विहिरीला भेटायला आलोय."

आतून फोन आला तेव्हा कुठे सोडलं. दाजींच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायांत कंपनीचे बूट, गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. एक मुलगी आम्हाला जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्यांमधून चालवत एकेक गोष्ट दाखवत होती आणि दाजी, साक्षात आमचे दाजी, निमूट ऐकत होते. असं ध्यान मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला हसू आवरेना.

विहिरीवर लोखंडी जाळी होती. ते सात दगड माळ्याने एक लाल, एक पांढरा असे रंगवून गुलाबाच्या वाफ्याला लावले होते. ताईने कपाळावर हात मारला. दाजींनी हेल्मेट काढलं, बूट काढले. "सर, इथे बूट काढता येत नाहीत," मुलगी म्हणाली. दाजी खाली वाकलेलेच होते, जाळीला कपाळ टेकून. बराच वेळ ते उठले नाहीत. मग त्या मुलीनेही बूट काढले.

"पाणी हाय गं अजून," दाजी ताईला म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडले. मलाही रडू आलं.

बाहेर पडताना मुलीने विचारलं, "कसं वाटलं, सर?" डोळे पुसत दाजी म्हणाले, "बघण्यासारखं हाय. पाव्हण्यांना आणत जा."

मागच्या हिवाळ्यात दाजी गेले. झोपेतच गेले, कुणाला काही करायची संधी न देता. नैवेद्याचं काय करायचं, म्हणून यंदा ताई कच खात होती. तेवढ्यात मिरजेहून सासूबाई येऊन थडकल्या, गुडघे दुखत असताना. "मी येणार," म्हणाल्या. एवढी वर्षं होऊनही शनिवारवाडा त्यांनी पाहिलेला नाही, पण त्याचं नावही काढलं नाही.

गेटवर नवीन वॉचमन होता. "कुणाला भेटायचंय?" त्याने विचारलं. ताईला हुंदका आला, मी तिच्या हातातला डबा घेतला. सासूबाईंनी काठी टेकली आणि पुढे झाल्या.

"विहिरीला. दाजींचे पाव्हणे आल्यात म्हणून सांग की तिला."