खिडकीखालची भोकं

नवरा ऑर्व्हिल वारल्यावर वर्ना टिबेट्स पहिली गोष्ट शिकली ती गळती थांबवायची. ओरेगॉनच्या किनाऱ्यावर आठ महिने पाऊस आणि राहणं चाकांवरच्या ट्रेलरमध्ये. दुसरं काही आधी शिकून चालण्यासारखं नव्हतं.

मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात तिचे हात चाळीस वर्षं चालले होते. फटी बुजवायच्या सीलंटची नळी त्या हातांत बसायला दोन दिवस पुरले. छत, दार, दिवे, जिथे फट दिसली तिथे तिने पांढरी रेघ ओढली. पलंगाजवळच्या खिडकीच्या चौकटीला खालून दोन बारीक भोकं सापडली, तेव्हा तर नवऱ्याची चूक पकडल्याचा आनंद झाला. "इतकी वर्षं दिसली नाहीत होय तुला!" असं म्हणत तिने तीही बुजवली.

ऑक्टोबरात त्या खिडकीखालची भिंत अंगठ्याने दाबली की आत जाऊ लागली.

शेजारच्या ट्रेलरमधला म्हातारा गस लिंडक्विस्ट बाहेरून वाकून बघत राहिला.

"ही भोकं कोणी बुजवली?"

"मी. का?"

"अगं बाई, चौकटीत शिरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. तू वाट बंद केलीस, ते भिंतीत उतरलं."

"मग आधी सांगायचंस!"

"कधी? शिडी धरायला आलो तर हाकललंस मला."

ते खरंच होतं.

रविवारी बॉइझीहून मुलगी येणार होती, मर्लीन. ओल दिसली तर ट्रेलर सोडून आपल्याकडे यायचं, असं तिने फोनवर बजावलं होतं.

"कपाट सरकव त्या भिंतीपुढे," गस म्हणाला. "एका दिवसाचा तर प्रश्न."

वर्नाने कपाटाला हात लावलाही. मग सोडून दिलं आणि पटाशी उचलली.

मर्लीन आली तेव्हा त्या भिंतीचा आतला प्लायवूड उतरवलेला होता. एक लाकडी पट्टी नवी, जराशी तिरकी. दुसरी अजून जुनीच, कॉफीत बुडवलेल्या पावासारखी.

"आई, हे काय?"

"माझी चूक. नीट बघून घे."

"बाबा असते तर..."

"तर मला यातलं काही कळलं नसतं."

मर्लीनला हसू आलं नाही. "या बुरशीशेजारी झोपतेस तू?"

"झोपते."

वर्ना पाण्याची बादली घेऊन बाहेर गेली. "आतून खिडकीखाली हात लावून ठेव. आणि खरं सांग."

तिने खिडकीवर मग्यामागून मगा ओतला. मोकळ्या केलेल्या दोन्ही भोकांतून पाण्याच्या बारीक धारा लागल्या.

"कोरडं आहे का गं?"

खिडकीतून मर्लीन वाकून पट्टी चाचपताना दिसली.

"आत्ता तरी," मर्लीन म्हणाली. "नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला परत येईन, तोवर राहा इथे. तेव्हाही हात लावून बघणार आहे."

वर्नाने समुद्राकडून येणाऱ्या ढगांकडे पाहिलं आणि मगा पुन्हा भरला.