देवतळे काका गाडीतून उतरले

नागपूरच्या मोरेश्वर देवतळ्यांना जन्मभर भिण्याचीच सवय. बँकेत असताना साहेबाच्या केबिनचं दार वाजवण्याआधी ते इतका वेळ घसा खाकरत, की साहेब आतूनच ‘या देवतळे’ म्हणत. बायको गेल्यावर मुलगी नेत्राने त्यांना अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला आणलं आणि भीतीला मोकळं रानच मिळालं. शेजारचं कुत्रं, ओव्हनचा गजर, दुसऱ्याच्या लॉनवर चुकून पडलेलं पाऊल, सगळ्याचीच धास्ती. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो यांच्या मागोमाग विमानात बसून आला होता.

काका निर्धास्त असत ते फक्त शुक्रवारी संध्याकाळी. शेजारचे बेहरूज, तेहरानहून मुलाकडे येऊन राहिलेले सत्तरीतले गृहस्थ, लायब्ररीच्या छोट्या हॉलमध्ये इराणी विनोदी सिनेमे दाखवत. बहुतेकांची गोष्ट एकच: कुणी भोळा इराणी परदेशी जातो आणि पावलोपावली त्याची फजिती होते. इंग्रजी सबटायटल्स वाचत काका डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत. आपल्याहून भित्रा, आपल्याहून बावळट माणूस जगात आहे, याचं केवढं सुख!

अशाच एका शुक्रवारी दोघं बेहरूजच्या गाडीतून घरी निघाले असताना मागे निळे-लाल दिवे लखलखले. बेहरूजनी गाडी कडेला घेतली, काच खाली केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते जागीच बसून राहिले.

बसून राहायचं? पोलिसाला आपल्यापाशी चालत यायला लावायचं? नागपुरात शिट्टी वाजली की शहाणा माणूस आधी उतरतो, हवालदारापाशी जाऊन नमस्कार करतो. बसून राहिला तर मस्ती आली म्हणून दुप्पट बोलणी खातो. बेहरूज बिचारे घाबरून थिजलेत, आता आपणच सांभाळलं पाहिजे, असं वाटून काका आयुष्यात पहिल्यांदा धीट झाले. दार उघडून उतरले, हात जोडले आणि पासपोर्टची कॉपी काढायला जॅकेटच्या आतल्या खिशात हात घातला.

पोलीस किंचाळलाच. तरुण पोर होतं. त्याचा हात कमरेच्या पिस्तुलावर होता. काकांना इंग्रजी येत होतं, पण त्या वेळी एक शब्द कळेना. हात बाहेर काढावा तरी भीती, ठेवावा तरी भीती. आपण आता मरणार, एवढंच त्यांना कळलं.

“मोरेश्वर! स्टोन! बी स्टोन!” बेहरूज जागचे न हलता ओरडले.

काका दगड झाले. मग पोलीस एकेक शब्द सावकाश बोलत गेला, तसा त्यांचा रिकामा हात बाहेर आला. गाडीचा मागचा दिवा बंद होता, एवढीच भानगड. “सर, नेव्हर डू दॅट अगेन,” पोलीस म्हणाला. त्याचाही चेहरा पांढराफटक पडला होता.

“बाबा, इथे कारमधून उतरायचं नसतं! त्याने शूट केलं असतं ना!” घरी नेत्रा आधी रागावली, मग त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. काका तिला थोपटत राहिले. त्यानंतर आठवडाभर ते घराबाहेर पडले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी बेहरूज त्यांना जवळजवळ ओढूनच घेऊन गेले. पडद्यावर एक इराणी पाहुणा परक्या विमानतळावर अडकला होता. अधिकारी दरडावत होता आणि त्याला खूश करायला हा गडी कोटाच्या आतून पिस्त्यांची पुडी काढू लागला. हॉलमध्ये हशा पिकला.

“अरे, काढू नको! खिशात हात घालू नको बाप्पा!” काका ताडकन उभे राहून ओरडले, तेही मराठीत.

लोकांनी वळून पाहिलं आणि ते आणखीच हसले. बेहरूजना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण ते हसले नाहीत. त्यांनी काकांना हात धरून खाली बसवलं आणि सिनेमा संपेपर्यंत तो हात सोडला नाही.